कोतवाल बुक

आपल्या विदर्भात आपण कोण आहोत हे ठरवणारं एक पुस्तक आहे. तो धर्मग्रंथ नाही आणि संविधानही नाही. त्याला कोतवाल बुक म्हणतात. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये कापडी बस्त्यात ते बांधून ठेवलेलं असतं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई उडालेली, पानं उलटली की भुगा खाली पडतो. त्यात गावात जन्मलेल्याची आणि मेलेल्याची नोंद आहे. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मेला असेल तर कशानं मेला : ताप, हगवण, देवी, पटकी.

सरकारनं ही वही आपल्या प्रेमापोटी नाही केली. इंग्रजाला पटकीची साथ कोणत्या गावातून कोणत्या गावात सरकते ते पाहायचं होतं. देवी टोचायला पोरं किती ते पाहायचं होतं. माणूस मोजायचा होता, ओळखायचा नव्हता. म्हणून पुष्कळ नोंदीत जन्मलेल्या पोराचं नावच नाही. नुसतं 'मुलगा १' नाहीतर 'मुलगी १'. बापाचं नाव मात्र आहे आणि जात हमखास आहे. आणि बापाचं नाव कसं? पाटला-देशमुखाच्या पोराचा बाप 'गणपतराव', आमच्या पोराचा बाप 'गण्या'. गण्या वल्द पांड्या, महार. लिहिणाऱ्याच्या तोंडात जे होतं तेच टाकातून उतरलं.

आता दोस्तहो, या वहीला कोतवालाचं नाव का पडलं? कारण गावातल्या जन्ममरणाची वर्दी कोतवालानं द्यायची. आणि गावगाड्यात कोतवालकी, जागल, सांगावा हे काम बऱ्याच गावात महाराच्याच गळ्यात. रात्री गस्त घालायची, सारा भरायला निघालेल्या पाटलाच्या मागं थैली घेऊन चालायचं, साहेबाचा घोडा धरायचा, मेलेलं ढोर ओढायचं, आणि कुणाकडे माती झाली की तिची खबर पाच कोस पायी जाऊन सोयऱ्याला द्यायची. मुंबई इलाख्यात या वेठीला वतन म्हणत. ते वतन मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. वऱ्हाडाला तो मुंबईचा कायदा लागू नव्हता, पण काम तेच आणि काम करणारा माणूसही तोच.

म्हणजे असं झालं. गावातलं प्रत्येक पोर जन्मलं, मग ते बामणाचं असो की कुणब्याचं, की त्याची वर्दी आमचा आजा-पणजा घेऊन गेला. त्याला वाचता येत नव्हतं. येऊ दिलं नव्हतं. तो बोलला, दुसऱ्यानं लिहिलं. काय लिहिलं ते त्याला कधी कळलं नाही. त्या लिहिलेल्यावर आज त्याच्या पणतीची ओळख लटकलेली आहे.

हा इतिहास कुणी लिहीत नाही. शाळेच्या पुस्तकात वऱ्हाड म्हणजे पांढरं सोनं, कापूस. वऱ्हाडातला माणूस कागदावर कोणत्या देशाचा होता हे कोण सांगतो? ऐका. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजाच्या कारभाराखाली दिला. मालकी मात्र निजामाचीच राहिली. १९०२ साली कर्झननं तो कायमच्या पट्ट्यानं घेतला, वर्षाला २५ लाख रुपये खंड. शेत मक्त्यानं द्यावं तसा. १९०३ ला मध्य प्रांताला जोडला. आपला जिल्हा तेव्हा वणी जिल्हा, १९०५ साली तो यवतमाळ झाला आणि पुसद त्यात आलं. १९३६ साली पुन्हा करार झाला, निजामाचं सार्वभौमत्व पुन्हा मान्य झालं, त्याच्या थोरल्या पोराला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. आपल्या आज्यांना बेरारचा कुणी प्रिन्स आहे हे ठाऊकही नसेल. त्यांना पाटील ठाऊक होता. कारभार इंग्रजाचा, मालकी निजामाची, गाव पाटलाचं आणि राबणं आमचं. उमरखेडच्या पोरीचं लग्न पैनगंगेपलीकडे किनवट-हदगावला झालं तर ती निजामाच्या अमलात गेली, तिथलं दप्तर उर्दूत. अलीकडे मराठीत, आणि बऱ्याच ठिकाणी मोडीत. नदी तीच, सोयरे तेच.

१४ ऑगस्ट १९३१ ला मुंबईच्या मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना सांगितलं की आम्हाला मायभूमी नाही. ती गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो, टाळ्या वाजवतो. पण पुढची गोष्ट सांगायची राहून जाते. ज्यांना मायभूमी नाही असं ते म्हणाले, त्यांच्याच हाताखाली या देशाचा नागरिक कोण हे लिहिलं गेलं. १० ऑगस्ट १९४९ ला संविधान सभेत नागरिकत्वाचं कलम मांडताना ते म्हणाले होते की एक कलम सोडलं तर दुसऱ्या कशानंही मसुदा समितीचं डोकं इतकं दुखलं नाही. फाळणी झाली होती, माणसं इकडून तिकडे चालली होती. तरी पाचवं कलम वाचून पाहा. या भूमीत ज्याचा कायम वास आहे, आणि जो इथं जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी कुणीही एक इथं जन्मलं, किंवा जो पाच वर्षं इथं राहिला, तो नागरिक. त्यात दाखला नाही. नक्कल नाही. स्टँपपेपर नाही. जन्म आणि राहणं, बस. आणि आईचा जन्मही चालतो. 'आईबापांपैकी कुणीही' हे शब्द ध्यानात ठेवा, कारण आज जातपडताळणीला गेलात तर वंशावळ बापाच्याच बाजूची मागतात. माय कागदावर कुठंच नसते.

माय कागदावर नसते ही गोष्ट पहिल्या मतदार यादीपासूनची आहे. १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी याद्या झाल्या तेव्हा पुष्कळ बायांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची माय, एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावं घ्यायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख बाया यादीबाहेर राहिल्या. त्या बहुतेक ज्या राज्यांतल्या होत्या त्यात मध्य प्रदेश होता, आणि यवतमाळ तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. आयुक्तांचं म्हणणं मला पटतं. बाईला तिचं नाव असलंच पाहिजे. पण ज्या बाईला घरात आणि गावात जन्मभर कुणी नावानं हाक मारली नाही, तिचा दोष किती?

बरोबर एक वर्षानं, १० ऑगस्ट १९५० ला, राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. आपल्या गळ्यात आज अडकलेली तारीख ती हीच. अनुसूचित जातीचा दाखला पाहिजे तर त्या दिवशी किंवा त्याआधी आपला बाप-आजा कुठं होता आणि कोण होता याचा पुरावा द्या. भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. जो दारव्ह्याहून मुंबईला गिरणीत गेला, तिथंच म्हातारा झाला, त्याच्या नातवालाही दाखल्यासाठी दारव्ह्यालाच यावं लागतं. कारण १९५० ला घर तिथं होतं.

त्या आदेशात आणखी एक खिळा होता. हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा नाही. १९५६ ला त्यात शीख आले. आणि त्याच साली १४ ऑक्टोबरला नागपुरात आपली माणसं बाबासाहेबांच्या मागं उभी राहिली. यवतमाळहून बैलगाडीनं गेली, पायी गेली. नागपूर त्या दिवशी मध्य प्रदेशात होतं. पुढं अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, विदर्भ मुंबई राज्यात गेला. म्हणजे एकाच महिन्यात आपण धर्म बदलला आणि आपलं राज्यही बदललं. पहिली गोष्ट आपण केली, दुसरी आपल्याला न विचारता झाली. दिल्लीच्या कागदात मात्र आपण त्या दिवसापासून कुणीच नव्हतो. महाराष्ट्र झाल्यावर १९६० ला राज्यानं नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्रानं त्यासाठी १९९० साल उजाडू दिलं. चौतीस वर्षं. तेवढ्या काळात रेल्वेत, पोस्टात अर्ज करणाऱ्या पोरानं काय लिहावं? बौद्ध लिहिलं तर जागा जाते. महार लिहिलं तर बाप घरात घेत नाही.

आणि शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरात तर सगळी सरमिसळ आहे. १९५७-५८ ला एखाद्या पोराच्या बापानं ताठ मानेनं गुरुजीला सांगितलं, "लिवा, बौद्ध." गुरुजीनं लिहिलं. शेजारच्या गावातल्या गुरुजीनं 'नवबौद्ध' लिहिलं. तिसऱ्यानं ऐकलंच नाही, 'महार' लिहिलं. आज या तिघांच्या नातवांपैकी कुणाचं काम लवकर होतं? तिसऱ्याच्या. ज्याच्या आज्याला जात टाकायची होती त्याला आता ती टाकलेली जात हुडकून आणावी लागते. सवलतीच्या कायद्यापुरतं हे समजून घ्यायला मी तयार आहे. जातीचा घाव जातीच्या नावानंच मोजावा लागतो. पण मग तो घाव दाखवायचा बोजा ज्याला लागला त्याच्यावरच का? महाराष्ट्राचा २००० चा जातप्रमाणपत्राचा कायदा आहे, २००१ पासून लागू. त्याचं आठवं कलम सांगतं की पुराव्याची जबाबदारी अर्जदाराची. खोटी प्रमाणपत्रं घेऊन आदिवासींच्या जागा खाणारे होते म्हणून १९९४ ला सुप्रीम कोर्टानं माधुरी पाटील खटल्यात पडताळणी समित्या करायला सांगितल्या. ते रास्तच होतं. पण चोर पकडायच्या जाळ्यात रोज घरमालकच अडकतो आहे.

माझ्या बहिणीला नर्सिंगला जायचं होतं. व्हॅलिडिटी पाहिजे. आजा शाळेत गेलाच नव्हता, तेव्हा कोतवाल बुकाशिवाय इलाज नव्हता. मी रात्रपाळी उतरून बाबांना घेऊन एका तहसील कचेरीत गेलो. चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला बाबू सुटीवर, दुसऱ्या खेपेला बस्ता सापडेना, तिसऱ्या खेपेला सापडला तर आमच्या गावाचा तोच गठ्ठा नव्हता. चौथ्यांदा पान उघडलं. बाबू बरा माणूस होता, उगाच खोटं कशाला बोलू. त्यानं बोट ठेवून वाचलं.

"बाबाजी, नाव नाही हो यात. मुलगा एक, एवढंच हाय."

"बापाचं नाव पाहा ना साहेब. माह्या आज्याचं नाव गणपत."

"गणपत नाही. गण्या हाय."

"तेच तं. गण्याच म्हनत त्याले. गणपत कोन म्हनन?"

"मी नाही म्हणतो काय? पण कागद दोन झाले. गण्या आणि गणपत एकच, असं प्रतिज्ञापत्र करा. आणि हा मुलगा एक म्हणजे तुमचे वडीलच, याचाही पुरावा लागन."

"कोतवालकी आमच्याच घरात होती साहेब. ही वर्दी त्यानंच देली असन."

बाबू काही बोलला नाही. मी त्या ओळीकडे पाहत राहिलो. पणज्याला पोरगा झाला, आणि त्याच पणज्यानं आपल्या पोराची वर्दी दिली असणार. 'साहेब, माह्या घरी पोरगा झाला.' लिहिणाऱ्यानं पोराचं नाव विचारलं नाही. वर मान न करता लिहिलं असेल, मुलगा १, महार. गावभराचे जन्म नोंदवणाऱ्याचा स्वतःचा पोर बिननावाचा. प्रतिज्ञापत्र झालं, चुलत आज्याच्या टीसीची नक्कल जोडली, नात्याच्या माणसांचे जबाब झाले. दाखला आला तोवर प्रवेशाची मुदत गेली होती. बहीण वर्षभर घरी बसली, दुसऱ्या वर्षी गेली.

'नावात तफावत' हा शब्द तुम्ही सगळ्यांनी ऐकला असेल. एका मोठ्या माणसाच्या नावातली तफावत सांगतो. साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला एका पोराचं नाव घातलं गेलं. रजिस्टरात क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. त्या दिवसाला आता राज्य सरकार विद्यार्थी दिवस म्हणतं. पण पुढच्या सगळ्या कागदांवर नाव भीमराव. आडनाव बापाकडून आलेलं नाही. जन्म महूचा, गाव आंबडवे, शाळा साताऱ्याची. आज कुणी पोरगा हीच फाईल घेऊन खिडकीशी गेला तर बाबू काय शेरा मारेल ते मला सांगायला नको.

सरकारला जुने कागद काढता येत नाहीत असं कुणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. २०२३ साली मराठा आरक्षणाचं आंदोलन तापलं तेव्हा न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. आधी मराठवाड्यासाठी, मग सगळ्या राज्यासाठी. मोडी वाचणारे हुडकून आणले, उर्दू-फारसी वाचणारे आणले, तहसील, जेल, भूमिअभिलेख, शाळा, सगळीकडचे बस्ते सोडले आणि पन्नास लाखांवर कुणबी नोंदी काढून दाखवल्या. त्या संगणकावर चढवल्या. मला त्या लोकांचा हेवा नाही. ज्याची नोंद आहे त्याला ती मिळाली पाहिजे. पण हेच कोतवाल बुक, त्याच पानावर वरच्या ओळीत कुणबी आणि खालच्या ओळीत महार, मांग, चांभार. वरची ओळ सरकारनं स्वतः वाचली. खालची ओळ वाचायला आम्ही रोजी पाडून जातो.

पारध्यांचं याच्या उलट. त्यांच्यावर कागदाची कमी नव्हती. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा, मग १९११ चा, १९२४ चा. नाव नोंदवा, अंगठा द्या, हजेरी द्या, गाव सोडायचं तर परवाना घ्या. सरकारला त्यांची बोटंसुद्धा पाठ होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना कुणी ओळखीना. नेर-दारव्ह्याच्या बेड्यावर जाऊन एखाद्या पारधी म्हाताऱ्याला जन्माचा पुरावा मागून पाहा. चोर म्हणून लिहिताना सरकारला शाई पुरली.

आता नागरिकत्वाकडे या. १९५५ च्या कायद्यानं इथं जन्मला तो नागरिक. १ जुलै १९८७ पासून नियम बदलला : नुसता जन्म पुरत नाही, आईबापांपैकी एक नागरिक पाहिजे. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी आवळला : एक नागरिक असेल तर दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे माझ्या वयाच्या पोराला स्वतःबद्दल नाही, आईबापाबद्दल उत्तर द्यायचं आहे. आणि आईबापाचं उत्तर आज्याकडे, आज्याचं कोतवाल बुकाकडे. आधार कार्ड दाखवाल तर आधारच्या २०१६ च्या कायद्यातच लिहिलं आहे की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ ला यादी लागली तेव्हा १९ लाख ६ हजार ६५७ माणसं बाहेर राहिली. २०२५ ला बिहारात मतदार याद्यांची फेरतपासणी झाली, अकरा कागदांची यादी दिली, त्यात आधार नव्हतं. सुप्रीम कोर्टानं सांगितल्यावर बारावा कागद म्हणून आलं, तेही ओळखीपुरतं. त्या अकरांत जातीचा दाखला होता. आपल्या वस्तीत ज्याच्याकडे शाळेचा कागद नाही, जमिनीचा नाही, त्याच्याकडे असलाच तर तो एवढाच असतो. म्हणून म्हणतो, जातीच्या दाखल्याला नुसत्या स्कॉलरशिपचा कागद समजू नका.

आणि नवी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी. लोकवस्ती दीड हजाराच्या आसपास. २०२५ साली या ग्रामपंचायतीच्या नावावर तीन महिन्यांत संगणकात २७ हजारांवर जन्म नोंदले गेले. गुन्हा दाखल झाला, देशभर बातमी झाली. त्याच वर्षी राज्य सरकारनं उशिराच्या जन्मनोंदीचे दाखले देणं आधी थांबवलं, मग नियम कडक केले, नायब तहसीलदारांच्या सहीनं दिलेले दाखले रद्द ठरवले. खोटे कागद करणाऱ्याला धरा, माझं काही म्हणणं नाही. पण उशिराची जन्मनोंद कुणाला लागते ते पाहा. दवाखान्यात जन्मलेल्याला लागत नाही. शेतात, पालावर, ऊसतोडीच्या कोपीवर जन्मलेल्याला लागते. ज्याचा जन्मदिवस गुरुजीनं आपल्या मनानं १ जुलै टाकला त्याला लागते. तुमच्या वस्तीत १ जुलैला जन्मलेले किती ते मोजा एकदा.

आम्ही चौघा-पाच जणांनी एक काम धरलं आहे. गिरणीच्या सुटीच्या दिवशी कचेरी चालू असते, हा एक फायदा. गावाचं नाव आणि १९५० च्या आधीची सालं लिहून कोतवाल बुकाच्या नकलेचा अर्ज करायचा. नाही म्हटलं तर माहितीच्या अधिकारात पान पाहायला मागायचं. नक्कल घेताना एका घराची नाही, वस्तीतल्या जेवढ्या घरांच्या ओळी सापडतील तेवढ्यांची घ्यायची. म्हातारे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून 'मुलगा १' म्हणजे कोण, गण्या म्हणजे कुणाचा गणपत, हे एका वहीत लिहून घ्यायचं आणि त्यांचा अंगठा घ्यायचा. बायांची नावं, त्यांच्या माहेरच्या गावासकट, वेगळ्या पानावर. तीन गावं झाली आहेत. दोन गावांचे बस्ते सापडले, तिसऱ्याचा १९३८ नंतरचा गठ्ठा अजून सापडायचा आहे. ज्याला मोडी येते अशा कुणाचा पत्ता असेल तर अंकाच्या पत्त्यावर कळवा. चहापाणी आणि एसटीचं भाडं आम्ही देऊ.